हिंगुळाचा पहिला हात

धाराशिव जिल्ह्यातल्या येडशीत माझ्याकडे जनावराचं चित्र काढून घ्यायला कोणी आलं की आधी मोबाइल पुढं करतं, आणि मी फोटो नीट बघायच्या आतच त्या फोटोची तक्रार सांगू लागतं. "ह्यात त्यो दिसत न्हाई बगा." फोटोत बैल असतो, शिंगं असतात, मागं गोठ्याचा पत्रा असतो, आणि तरी 'त्यो' नसतो. ही तक्रार इतक्या तोंडून ऐकली आहे की आता मी मोबाइल बाजूला ठेवतो, घरात चहा टाकायला सांगतो आणि म्हणतो, "मग तुम्हीच सांगा, कसा होता." माणसं सांगू लागतात. माझ्या हातात जी काही कला आहे ती या सांगण्यावर पोसली आहे. सांगणाऱ्यांपैकी काही आता राहिले नाहीत. त्यांचं देणं लिहून ठेवावं असं फार दिवस मनात आहे.

त्यांची तक्रार खरीही असते. मोबाइलचं भिंग रुंद कोनाचं असतं. लोक मायेनं अगदी जवळ जाऊन फोटो काढतात आणि त्या जवळिकीनंच चेहरा बिघडतो. नाक फुगतं, कपाळ मागं सरतं, कान आखडतात. रात्री गोठ्यात फ्लॅश मारला तर डोळे हिरवे पेटतात. बैल, शेळी, कुत्रा, मांजर यांच्या डोळ्यातल्या पडद्यामागं उजेड परतवणारा एक थर असतो, थोड्या उजेडातही त्यांना दिसावं म्हणून. फ्लॅशचा उजेड तिथून आदळून परत येतो. ज्यानं वर्षानुवर्षं तो डोळा हातभर अंतरावरून काळाभोर आणि ओला पाहिला आहे, त्याला हा पेटलेला डोळा आपल्या बैलाचा कसा वाटेल?

पहिलं देणं तात्यांचं. ते आमचे शेजारी. रक्ताचं नातं नव्हतं, पण आमच्या घरातला कुठलाही निर्णय त्यांना विचारल्याशिवाय होत नसे. त्यांच्याकडे देवणी बैलांची जोडी होती. देवणीत तीन रंग सांगतात: वानेरा म्हणजे अंगानं पांढरा, बालंक्या म्हणजे पांढऱ्या अंगाला खालच्या बाजूनं काळे ठिपके, आणि शेवरा म्हणजे पांढऱ्यावर काळे वेडेवाकडे डाग. तात्यांचा एक वानेरा होता, एक शेवरा. श्रावणातल्या अमावस्येला आमच्याकडे पोळा. आदल्या संध्याकाळी खांदेमळण असायची. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्यांना तूप-हळद चोळायची आणि बैलांना म्हणायचं, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. पोळ्याच्या सकाळी बैल धुऊन, शिंगं साळून त्यांना हिंगूळ लावायचा. मी शाळकरी पोरगा होतो. तात्यांनी हिंगुळाची वाटी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "आधी त्येला हात लाव, मग रंग लाव."

मी शिंगाच्या बुडाशी तळवा ठेवला. शिंग गरम असतं, हे मला त्या दिवशी कळलं. बैलानं मान हलवली नाही. मग तात्यांनी माझं मनगट धरून ब्रश फिरवला. "शिंग जिकडं वळतंय तिकडं हात वळव. आडवं फासू नको." पुढं लातूरला ए.टी.डी., म्हणजे कलाशिक्षकाची पदविका, करताना शिक्षकांनी फळ्यावर घडा काढून सांगितलं, ब्रशचा फटकारा आकाराच्या वळणानं गेला तरच वस्तूला गोलाई येते. वर्गातली मुलं वहीत लिहून घेत होती. माझ्या मनगटावर तात्यांची बोटं जाणवत होती.

पांढरा रंग कसा असतो तेही त्यांनीच दाखवलं. जलरंगात पांढऱ्या बैलाला पांढरा रंग लागत नाही. कागद तसाच सोडायचा आणि सावल्यांनी बैल उभा करायचा. पण सावली कुठल्या रंगाची? तात्यांनी वानेऱ्याला आधी काळ्या रानात उभा केला, नंतर घाटाकडच्या मुरमाड माळावर नेला. "पोटाखाली बग. तिकडं निळा दिसत होता का न्हाई? आता तांबडा." भुईवरून उसळणारा उजेड पांढऱ्या कातडीवर चढतो, ही गोष्ट युरोपातल्या चित्रकारांनी चर्चा करकरून मांडली. तात्यांना ती कोणी सांगितली नव्हती. आपला बैल उन्हात कुठं उभा करायचा, कुठं बांधायचा, त्याला काय झालंय का, हे रंगावरून ओळखायची त्यांची रोजची सवय होती.

आमच्या शाळेत चित्रकलेचे सर होते, त्यांनी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसवलं, स्वतःच्या पेटीतले रंग दिले. त्यांचंही देणं मोठं आहे. त्यांच्याकडे एका जाड पुस्तकात पाउलुस पॉटर या डच चित्रकाराच्या 'बैल' या चित्राचा छाप होता. 1647 सालचं हे चित्र हेग शहरातल्या मॉरित्सहाउस संग्रहालयात आहे. मूळ चित्र जवळजवळ साडेतीन मीटर रुंद, बैल खऱ्या मापाचा, आणि चित्रकार तेव्हा विशीच्या जरा पुढचा. त्या काळी एवढा मोठा कॅनव्हास राजेरजवाड्यांना आणि देवादिकांना मिळायचा. पॉटरनं तो गोठ्यातल्या बैलाला दिला. मी ते पुस्तक मागून घरी आणलं आणि तात्यांना दाखवलं. त्यांनी अंगणात उजेडाला धरून बराच वेळ पाहिलं. चित्र आवडलं त्यांना. बैलाच्या अंगावरच्या माश्यासुद्धा काढल्यात म्हणून खूश झाले. मग म्हणाले, "फुडनं बैल हाय, मागनं खोंड हाय."

किती तरी वर्षांनी वाचलं की जाणकारांनीही हेच म्हटलं आहे. पॉटरनं वेगवेगळ्या वयाच्या जनावरांची रेखाटनं जोडून हा बैल उभा केला. खांदे पूर्ण वाढलेल्या बैलाचे आहेत आणि मागचा भाग तरण्याचा. येडशीच्या अंगणात बसलेल्या माणसानं हातभर छापावरून ते ओळखलं होतं. हे वाचलं तेव्हा तात्या गेले होते. मला धावत जाऊन सांगावंसं वाटलं, ते राहून गेलं.

तात्यांच्या वानेऱ्याचं चित्र मी त्यांच्या हयातीत केलं. त्यात कासरा धरलेला त्यांचा हात तेवढा कडेला आला आहे. लोक विचारतात, पूर्ण माणूस का नाही काढला. त्यांनीच काढू दिला नाही. "माझं काय करायचंय, त्येचं काढ," एवढंच म्हणाले.

जनावराची आठवण जपणं आमच्या गावाला नवं नाही. गावाजवळ घाटात रामलिंगाचं देऊळ आहे. सीतेला घेऊन जाणाऱ्या रावणाशी झुंजताना जटायू इथं पडला, रामानं बाण मारून पाणी काढलं आणि त्याला पाजलं, अशी कथा आमच्याकडे सांगतात. देवळात जटायूची समाधी आहे. श्रावणात आजी मला तिथं न्यायची. पावसाळ्यात घाट हिरवा होतो, धबधबा कोसळतो, माकडं हातातला प्रसाद ओढतात. आजी पिंडीला नमस्कार करायची आणि त्याच हातानं समाधीलाही. एका पक्ष्याला देवाच्या शेजारी जागा मिळते आणि कोणाला त्याचं नवल वाटत नाही, अशा गावात मी वाढलो. म्हणून कोणी संकोचून विचारलं, "शेळीचं चित्र काढता का हो, लोक हसतील," तर मला तो संकोच समजतच नाही.

शेळीचं देणं एका म्हातारीचं आहे. तिला सगळे नानी म्हणत. उस्मानाबादी शेळी ही आमच्या जिल्ह्याची ओळख. बहुतेक काळी, लांब कानांची, पुष्कळदा जुळी देणारी. नानीनं शेळ्यांवर घर चालवलं, नातीला शिकवलं. त्या नातीला नोकरी लागल्यावर तिनं पहिल्या पगारातून आजीसाठी शेळीचं चित्र करून घ्यायचं ठरवलं. शेळी म्हातारी झाली होती, विकायची नाही असं नानीनं ठरवलेलं. मी गेलो, रंगाची पेटी उघडली. नानी शेजारी बसली आणि काळ्या रंगाच्या ट्यूबकडं बोट दाखवून म्हणाली, "ह्यो लावणार? काळी म्हंजी काय एकच काळी व्हय?"

मग तिनं शेळी ओढत आणून उन्हात उभी केली आणि तिच्या अंगावरचे केस बोटांनी उलटे केले. पाठीवर उन्हानं केस तांबूस झालेले. पोटाकडं धुरकट. मानेवर निळी झाक, आणि कानाच्या आत करडा गुलाबी. दुपारभर ती एकेक जागा दाखवत राहिली. त्या दिवसापासून ती ट्यूब मी जनावरासाठी उघडली नाही. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना मिसळले की काळा तयार होतो, आणि त्यात निळं वाढवलं की सावली, सिएना वाढवला की ऊन. शेळीच्या डोळ्यातली बाहुली आडवी असते, पट्टीसारखी. दोन्ही बाजूंचा मोठा मुलूख एका वेळी दिसावा म्हणून, कारण तिला लांडग्याचं भ्यान असतं. नवशिके तिथं माणसाची गोल बाहुली काढतात आणि चेहरा परका होतो. नानीला ते कारण सांगितलं तर ती म्हणाली, "म्हूनच ती माझ्याकडं न बघता बघती."

हा एक शेरा मला आजही पुरतो. प्राण्याचं चित्र पाहणाऱ्याच्या डोळ्याला भिडलंच पाहिजे, असा हट्ट मी तेव्हा सोडला.

दुष्काळाबद्दल लिहायला मन धजत नाही, पण माझं सगळ्यात जड देणं तिथलं आहे. 2015 चा पाऊस गेला. आधीची वर्षंही बरी नव्हती. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाणी नेणारी रेल्वे आमच्याच मार्गावरून, येडशीवरून गेली. पहिली गाडी 12 एप्रिलला लातूरला पोहोचली. 10 वाघिणी, एकेकीत 50,000 लिटर पाणी. रुळाशेजारच्या विहिरी कोरड्या होत्या. लोक दावणीची जनावरं चारा छावणीत नेत होते, ज्यांना ते जमलं नाही ते बाजारात. त्या उन्हाळ्यात एक अण्णा आले. जोडी विकून टाकली होती. फोटो म्हणाल तर मुलीच्या लग्नातला एक, त्यात मांडवाच्या मागं बैलाचं अर्धं तोंड. बाकी काही नाही.

"काढता यील का?"

मी म्हणालो, येईल, पण तुम्हाला उभं राहावं लागेल. त्यांना अंगणात उभं केलं आणि विचारलं, त्याचा खांदा कुठं यायचा? त्यांनी हात उचलला आणि हवेत तळवा ठेवला. पाठ? तळवा मागं सरकला, जरा खाली आला. कपाळ कुठं खाजवायचा? बोटं वाकली. मी टेपनं प्रत्येक जागेची भुईपासून उंची मोजली. थोड्या वेळानं पुन्हा विचारलं तर तळवा त्याच उंचीवर आला. पुन्हा विचारलं, पुन्हा तिथंच. शेवटी जुवाचा घट्टा किती मोठा, तेही त्यांनी अंगठा आणि बोट जुळवून हवेत दाखवलं. त्या मापांवर बैल उभा राहिला. कॉलेजात मला शरीररचना शिकवली होती, हाडं आणि स्नायू पाठ केले होते, पण एखादं शरीर माणसाच्या हातात इतकं अचूक उरतं हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. अण्णांनी चित्र घरी नेलं ते आधी रिकाम्या गोठ्यात, दावणीवरच्या खुंटीला लावलं. धूळ बसते म्हणून वहिनींनी नंतर आत आणलं.

मी पैसे घेतले नाहीत. पाऊस परतल्यावर, ज्वारीची रास झाल्यावर, अण्णा पोतं घेऊन दारात. मी नको म्हणालो तर रागावले. "फुकटचा बैल दारात ठेवत न्हाईत." मग मी ज्वारी घेतली. पण हिशेब फिटला असं मला वाटत नाही. त्यांचा तळवा हवेत थांबला तेव्हा जे मिळालं, त्याच्या बदल्यात मी त्यांना एक कागद दिला.

या कामात पैसा फार नाही. घर चालतं ते सोलापूर-धुळे महामार्गावरच्या धाब्यांच्या आणि दुकानांच्या पाट्यांवर, गणपतीतल्या देखाव्यांवर. जनावरांची चित्रं तूप, हरभरा, कधी कोंबडी, कधी पैसे अशी येतात. शहरातली माणसं मात्र ऑनलाइन पैसे पाठवतात. पुण्यातल्या एका कुटुंबानं, त्यांचं मूळ घर आमच्याच गल्लीतलं, त्यांच्या लॅब्राडोरचं चित्र मागितलं. कुत्रं जाऊन महिना झाला होता. मुलाचं म्हणणं, तरुणपणीचा काढा, तोंड पिवळसर सोनेरी होतं तेव्हाचा. आईचं म्हणणं, तोंडावरचे पांढरे केस राहू द्या. फोनवर दोघांचं जुंपलं. आई शेवटी म्हणाली, "तो तरुण होता तेव्हा तू घरी होतास. पांढरा झाला तेव्हा तू बंगळूरला होतास आणि माझ्यासोबत तोच होता." मुलगा गप्प झाला. चित्र पांढऱ्या तोंडाचंच झालं, मुलाच्याच सांगण्यावरून. त्या माउलीचं ऋण असं, की तेव्हापासून मी हा प्रश्न सगळ्यांना आधीच विचारतो: तुमच्या आठवणीत तो कुठल्या वयाचा आहे?

बादशहा जहांगीरच्या दरबारात उस्ताद मन्सूरनं 1621 साली एक झेब्रा रंगवला. ते जनावर इतकं अपूर्व होतं की त्याचे पट्टे कोणी रंगानं ओढलेत की काय, अशी लोकांना शंका आली होती. ते चित्र मी छापात पाहिलं आहे आणि त्याच्यापुढं हात जोडावेत असं ते आहे. पण तिथं जनावर दुर्मीळ म्हणून रंगवलं गेलं. माझ्याकडे येणारी जनावरं दहा गावांत हजार मिळतील अशी. मोल त्यांच्याजवळ राहिलेल्या माणसाच्या आयुष्यानं चढलेलं असतं, आणि ते आयुष्य ऐकून घेतल्याशिवाय रंग कालवण्यात अर्थ नाही.

2024 च्या डिसेंबरात आमच्या येडशी-रामलिंग घाट अभयारण्यात वाघ आला. वनखात्याच्या कॅमेऱ्यात तो दिसला आणि पुढं कळलं की तो यवतमाळच्या टिपेश्वरहून आला आहे. जवळपास 500 किलोमीटरची वाट. आमचं अभयारण्य 1997 मध्ये झालेलं, जेमतेम 22 चौरस किलोमीटरचं. इथं बिबट्या, लांडगा, मोर, हरणं ठाऊक होती. वाघ हा आमच्या आजोबांच्या गोष्टीतला प्राणी. त्या हिवाळ्यात धाराशिव आणि बार्शीकडच्या शिवारांत जनावरं मारली गेली. वस्तीवरचं एक जोडपं माझ्याकडे आलं, त्यांची पहिलटकरी होऊ घातलेली लाल कंधारी कालवड गेली होती. वहिनी रडून रडून थकलेल्या. मला वाटलं आता वाघाबद्दल काही तरी कडू ऐकायला मिळणार. दादा मात्र म्हणाले, "त्येला कुठं ठावं व्हतं, ही आमची हाय म्हून." आणि मग कालवडीच्या डोळ्याभोवतीचं काळं वर्तुळ किती जाड होतं ते सांगू लागले. लाल कंधारीला ते वर्तुळ असतं, काजळ घातल्यासारखं. चित्र करताना मी मुद्दाम मागं घाट रंगवला. दादांनी तो राहू दिला.

प्रत्येक चित्राच्या मागं मी पेन्सिलनं मालकाचे शब्द लिहितो. सही पुढं माझी, शब्द मागं त्यांचे. फ्रेम करणारा म्हणतो, मागं पुठ्ठा बसणार, कोण वाचणार. न वाचू देत. चित्र कोणी केलं याचा खरा जबाब तिथं आहे.

सध्या फळीवर एक मांजर आहे. चौथीतली एक मुलगी ते घेऊन येते, स्वतः मांडीवर धरून बसते आणि मी काम करत असताना सूचना देते. वडिलांनी शंभराची नोट दिली आहे, बाकीचे ती दिवाळीत देणार आहे. काल जाताना तिनं माझ्याकडून लिहून घेतलं: "कानाला खाच आहे ती डाव्या. मिशा एका बाजूला कमी. शेपटीचं टोक मोडकं आहे ते सरळ काढायचं नाही, काका, नायतर तिला वाटंल ही दुसरीच हाय, आणि ती चित्रावर पंजा मारंल."